कॉट, गाळा, बिऱ्हाड

  तत्त्वज्ञानाचा माणूस म्हटला की तो आभाळाबद्दल बोलणार अशी तुमची समजूत असेल, तर आज निराशा होईल. आज छपराबद्दल बोलायचं आहे, आणि तेही लांबच्या नाही, आपल्याच गावांच्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.

आमच्या या पट्ट्यात हल्ली एक सूचना वारंवार कानावर येते. चहाच्या टपरीवर येते, निवडणुकीच्या दिवसांत येते, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तर हमखास येते. सूचना अशी : बंद पडलेले कारखाने, रिकामे गाळे, कुलूप लागलेल्या इमारती इथे आहेत. दुसरीकडे कामासाठी आलेली तरुण मुलं-मुली आहेत आणि त्यांना परवडेल अशी भाड्याची जागा मिळत नाही. मग इमारत दुरुस्त करा, आत खोल्या पाडा, भाड्यानं द्या. पाडापाडी वाचेल, सिमेंट कमी लागेल, मुलांची सोय होईल. दोन आणि दोन चार.

बेरीज बरोबर आहे. आम्ही या कल्पनेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आपल्याकडे टीका म्हटली की माणूस विरोधी पक्षात गेला असं धरून चालतात. समीक्षकाचं काम निराळं असतं. एखादी कल्पना न बोलता काय गृहीत धरते, ते त्यानं शोधायचं असतं. ही कल्पना असं गृहीत धरते की इमारतीचं घर करायचं म्हणजे मध्ये भिंती घालायच्या, नळ आणायचा आणि दाराला नंबर द्यायचा. आम्हाला खटकतं ते एवढंच, पण ते 'एवढंच' फार मोठं आहे.

आता गंमत बघा. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलेला आहे, आणि तो एखाद्या इमारतीवर नाही, अख्ख्या शहरावर. वापरातून गेलेल्या इमारतींचं घर केलेलं शहर कुठे बघायचं असेल, तर शहाड किंवा विठ्ठलवाडी स्टेशनला उतरा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ उभा राहिला. कल्याण कॅम्प. तो मुक्कामाचा तळ होता, म्हणजे माणूस इथे यायचा तो पुढे जाण्यासाठी. राहण्यासाठी नाही. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. बहुतेकींची घडण एकसारखी : मध्ये लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, तळ ओस पडला. मग फाळणी झाली आणि सिंधमधून निघालेली माणसं मुंबई बंदरात उतरू लागली. त्यांना ठेवायचं कुठे? ओस पडलेला तळ हाताशी होताच. जवळपास एक लाख माणसं या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नदीचं नाव गावाला दिलं.

नाव मिळालं म्हणून घर झालं नाही. ज्या हॉलमध्ये शिपायांच्या खाटांची रांग होती तिथे आता कुटुंबांची रांग होती. जुनी मंडळी सांगतात, दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा नाहीतर चादरीचा पडदा असे. पलीकडच्याचं भांडण, खोकला, पूजा, सगळं अलीकडे. संडास सामायिक, पाणी सामायिक. म्हणजे आज आपण ज्याला 'रूपांतर' म्हणतो ते त्या दिवशी पूर्ण झालेलं होतं : इमारत होती, छप्पर होतं, माणसं आत होती. तरी ती बराकच होती. कोणी तिला घर म्हणत नव्हतं.

मग ती घर केव्हा झाली? आमचं वाचन असं आहे. सुरुवातीला मालक सरकार आणि राहणारा निर्वासित, असं नातं होतं. पुढे १९५४ साली विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा आला. मागे सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे वळते करून राहती जागा नावावर करून घेता येऊ लागली. पडद्याच्या जागी वीट यायला खरं बळ मिळालं ते या खात्रीनंतर. इथून आता आपल्याला कोणी उठवणार नाही, हे कळल्यावर माणूस भिंतीला खिळा ठोकतो. उद्या उठायचं असेल तर तो पिशवी खुंटीला टांगतो, आणि तीही भरलेलीच ठेवतो.

उल्हासनगरचा पत्ता कधी लिहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. बॅरेक नंबर, सेक्शन नंबर, मग कॅम्प एक ते पाच यांपैकी एक. कितीतरी ठिकाणी ती बराक आता उरलेली नाही. तिच्या जागी चार-पाच मजली इमारत आहे, खाली कापडाचं नाहीतर फर्निचरचं दुकान आहे. पण पोस्टमन अजून बराकच शोधतो. इमारत गेली आणि तिचा नंबर मागे राहिला. एरवी उलटं घडतं, नाही का?

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर आम्ही उल्हासनगरचं गोड चित्र काढलं असं होईल. मालकी मिळाली आणि त्याच मालकीच्या जोरावर मजल्यावर मजले चढले, परवानगीशिवाय चढले. इतके, की ती बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला २००६ साली उल्हासनगरपुरता वेगळा कायदा करावा लागला. २०२१ च्या मे महिन्यात तिथे इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. तेव्हा कायमची मालकी दिली की प्रश्न सुटला, असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं एवढंच की बराकीला घर करणारी गोष्ट भिंत नव्हती. काळ होता. किती दिवस राहता येईल, याची खात्री.

भिंतींना कमी लेखायचं कारण नाही, म्हणून त्यांच्याबद्दलही दोन शब्द. कारखान्याची शेड माणसानं झोपावं म्हणून बांधलेली नसते. तिची रुंदी मोठी असते आणि उजेड पुष्कळदा छपरातल्या तिरप्या काचांतून येतो. मध्ये खोल्या पाडल्या की कडेच्या खोल्यांना खिडकी मिळते आणि मधल्यांना मिळतो बोळ. सांडपाण्याची नळी शेडच्या एका कोपऱ्यात असते, तिला चाळीस मोऱ्या जोडायच्या म्हणजे फरशीचा उतारच बदलावा लागतो. आणि रासायनिक कारखान्याची जागा असेल तर जमिनीत काय मुरलं आहे ते आधी तपासावं लागतं. हे सांगायला आम्ही इंजिनिअर असण्याची गरज नाही. वालधुनीच्या काठानं चालत गेलं तरी कळतं. अंबरनाथचं हजार वर्षांचं शिवालय त्याच नदीच्या काठावर आहे, आणि आज तिथे उभं राहिलं की आधी वास येतो, मग शिल्प दिसतं.

इंग्लंडनं २०१३ मध्ये रिकाम्या ऑफिसांच्या इमारतींत घरं करायला नेहमीच्या नियोजन परवानगीतून मोकळीक दिली. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? ऑफिसच्या पोटात कोंडलेल्या इवल्या खोल्या तयार झाल्या, काहींना खिडकीच नव्हती. लंडनच्या उत्तरेला हार्लो नावाचं गाव आहे, तिथली टर्मिनस हाउस ही ऑफिसची उंच इमारत या प्रकाराचं उदाहरण म्हणून वर्तमानपत्रांत गाजली. शेवटी २०२० मध्ये तिथल्या सरकारला नियम करावा लागला की राहत्या खोलीत नैसर्गिक उजेड आला पाहिजे. २०२१ पासून किमान क्षेत्रफळही लागू झालं. माणसाच्या खोलीत उजेड हवा, हे एकविसाव्या शतकात कायद्यानं लिहावं लागलं. असो.

आता शब्दांकडे येऊ. आम्ही आयुष्यभर हाच धंदा केला, तेव्हा तेवढी सवलत द्या. मराठीत 'गाळा' हा शब्द चाळीतल्या राहत्या भागालाही वापरतात आणि एमआयडीसीतल्या कारखान्याच्या भागालाही. दोन भिंतींमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. तिच्यात लेथ ठेवा किंवा पाळणा बांधा, शब्दाला फरक पडत नाही. 'खोली' त्याच्या थोडी पुढे येते. आणि मग येतं 'बिऱ्हाड'. हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. बिऱ्हाड म्हणजे मालकीचं घर नव्हे. बिऱ्हाडकरू हा भाडेकरूच. पण बिऱ्हाड थाटतात, बिऱ्हाड हलवतात, बिऱ्हाडात पाहुणे येतात, बिऱ्हाडाला चूल असते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो तेव्हा ते पाठीवर का होईना, असतं. म्हणजे माणूस भाड्यानं राहतो आणि तरी त्याचा संसार पुरा असतो, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे आपल्या भाषेला कधीचं माहीत आहे. भाड्याचं घर म्हणजे अर्धं घर, ही समजूत नंतरची.

आणि चौथा शब्द मुंबईचा : 'कॉट बेसिस'. खोली नाही, कॉट भाड्यानं. तरुण श्रोत्यांनाही हा शब्द माहीत असेल, तो अजून मेलेला नाही. आम्ही पंचविशीत नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हा दीड वर्ष कॉट बेसिसवर काढलं. खोलीत सहा कॉटा होत्या आणि माणसं नऊ. तीन जण रात्रपाळीचे, ते सकाळी यायचे आणि आमच्यातल्या तिघांच्या ऊबदार गादीवर झोपायचे. रविवारी पंचाईत व्हायची. आम्ही तेव्हा कांट वाचत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे, वगैरे. पुस्तक उशाखाली ठेवायचं, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. एकदा आई गावाहून आली. न कळवता आली, कौतुकानं आली. तिला बसवायचं कुठे हा प्रश्न पडला. मालकिणीनं जिन्यात उभं राहून बोलायला हरकत नाही असं सांगितलं. आई जिन्यात बसली, डबा दिला, आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. 'झोपायला बरंय ना रे?' एवढंच तिनं विचारलं. झोपायला बरं होतं, हे खरंच होतं.

त्या दिवसापासून जागेची परीक्षा करण्याचं आमचं माप ठरलं आहे : आई आली तर कुठे झोपेल? आजच्या विषयातल्या कुठल्याही आराखड्याला आम्ही हा प्रश्न लावून बघतो. जिम असते, वाय-फाय असतं, 'को-लिव्हिंग' असा गोंडस शब्द असतो. आईला जागा नसते.

आता या पट्ट्यातून जरा मुंबईत जाऊ, कारण एक आकडा तिथे भेटतो. १६० चौरस फूट. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि त्यानं कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७. याच आपल्या बीडीडी चाळी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. सिमेंट-काँक्रीटच्या, मजबूत, रांगेत उभ्या. आणि झालं काय, तर पहिली काही वर्षं त्यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडं कामगारांना जड होतं, जागा अंधारी वाटायची, गिरणीपासूनचं अंतर आणि शेजार आपला वाटायचा नाही. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला जागा अपुरी पडली, तेव्हा सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. फार बदल करावे लागले नसावेत. आणि त्याच चाळी पुढे काय झाल्या? घरं झाल्या. तीन-तीन पिढ्या तिथे वाढल्या. गणपती बसले, चळवळी झाल्या, कबड्डीचे संघ निघाले. आता त्या पाडून मोठी घरं बांधली जात आहेत तर लोक जुन्या खोलीचे फोटो काढून ठेवतात.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो आहोत. खोली तीच. माप तेच, बोळ तोच, सामायिक नळ तोच. तीच खोली एकदा रिकामी, एकदा तुरुंग, एकदा घर. भिंतीत काहीच बदललं नाही. बदलल्या त्या अटी. भाडं आवाक्यात राहिलं, घरमालक असलेल्या सरकारनं माणसं हलवली नाहीत, बापाची खोली मुलाला मिळत गेली. कोंदटपणा होताच, तो कोणी नाकारत नाही. पण माणूस तिथे बिऱ्हाड थाटू शकला.

गिरणगावातल्या गावकीच्या खोल्याही आठवाव्यात. एका गावचे वीस-तीस तरुण मिळून एक खोली घेत, पाळ्यांप्रमाणे झोपत. गोव्याच्या मंडळींचे गावोगावचे क्लब होते, त्यांना 'कूड' म्हणत, बोटीवरचे खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरत. जागेच्या हिशेबानं हे आमच्या कॉट बेसिसपेक्षा बरं नव्हतं. पण खोली गावाची होती. नोकरी गेली म्हणून गाव माणसाला बाहेर काढत नसे. आणि जेवणाचं काय? ते खानावळवाल्या बायकांनी सांभाळलं. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तरुण कामगाराच्या निवाऱ्याचा विचार करताना स्वयंपाक कोण करतं, हा प्रश्न आपले आराखडे 'पॅन्ट्री' असं लिहून सोडवतात.

१६० चा आकडा पुन्हा भेटतो तो २००८ मध्ये. एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची योजना आणली. खासगी विकासकाला जादा चटईक्षेत्र द्यायचं, त्याबदल्यात त्यानं १६० चौरस फुटांची भाड्याची घरं बांधून द्यायची. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी आपण पुन्हा तिथेच आलो, एक चौरस फूट न वाढता. पुढे धोरण बदललं, घरं मोठी करायची ठरली आणि भाड्याची कल्पनाच मागे पडली. पनवेलजवळच्या कोन इथली अशी घरं २०१६ मध्ये सोडत काढून गिरणी कामगारांना विकत द्यायची ठरली. ताबा वर्षानुवर्षं लांबला. मध्ये कोविड आला आणि त्या इमारतींचं विलगीकरण केंद्र झालं. बघा, पुन्हा तेच. वरळीत तुरुंग झाला होता. रिकामं घर कोणाच्या तरी मुक्कामाच्या कामी येतंच.

आणि कोविडचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्यावर येतो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या रस्त्यानं चालत निघालेले लोक आपण सगळ्यांनी पाहिले. भिवंडीच्या गोदामांतले, आपल्याकडच्या एमआयडीसीतले. ते का निघाले? डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून नाही. छप्पर होतं. पण ते कामाला बांधलेलं होतं. काम थांबलं त्या दिवशी छप्पराची मुदत सुरू झाली. हे पाहूनच केंद्र सरकारनं त्या वर्षी मे महिन्यात परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची घोषणा केली आणि जुलैत योजनेला मंजुरी दिली. सरकारी पैशातून बांधलेली आणि रिकामी पडलेली घरं दुरुस्त करून भाड्यानं द्यायची, हा तिचा एक भाग. म्हणजे आपल्या आजच्या विषयाला थेट सरकारी शिक्का. एक खोलीचं घर ३० चौरस मीटरपर्यंत, दोन खोल्यांचं ६० पर्यंत, आणि डॉर्मिटरी असेल तर एका कॉटमागे १० चौरस मीटर. संकुल चालवणाऱ्याला २५ वर्षांसाठी द्यायचं.

योजना वाईट नाही, मापं तर १६० पेक्षा खूपच उदार आहेत. पण तिच्याबद्दलच्या चर्चेत २५ वर्षांचा उल्लेख हमखास येतो तो चालवणाऱ्याच्या संदर्भात. त्या खोलीत राहणारा मुलगा किती वर्षं राहू शकेल, हे विचारणारा आम्हाला क्वचितच भेटला. पुढे २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीच्या भाड्याच्या निवासाची घोषणा झाली, खासगी भागीदारीतून. पुन्हा कॉट. ज्या प्रसंगातून हा सगळा विचार जन्माला आला त्याचा धडा होता की नोकरी आणि निवारा एकाच दोरीला बांधू नका. आणि आपण कारखान्याच्या दाराशी डॉर्मिटरी काढतो आहोत.

अंबरनाथला हे नवीन नाही. इथे आगपेट्यांचा विम्कोचा कारखाना होता, आता नाव नाक्याला उरलं आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आहे. क्वार्टर्समध्ये वाढलेली माणसं आपल्या ओळखीत असतील. क्वार्टर चांगलं असतं, झाडं असतात, मैदान असतं. पण निवृत्तीच्या पाच वर्षं आधीपासून घरात एकच विषय असतो : आता कुठे जायचं. तिथे निदान तारीख माहीत असते, तीस वर्षं आधी माहीत असते. कंत्राटी कामावरच्या पोराला ती महिन्याच्या शेवटी कळते.

कायदाही त्याच्या बाजूला उभा राहत नाही. आपल्याकडे आज भाड्यानं राहणं म्हणजे बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स', अकरा महिन्यांचं. कायद्याच्या भाषेत हा माणूस भाडेकरू नसतोच, त्याला फक्त वापरायची परवानगी असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते. मालकाची बाजू आम्हाला कळते. १९४७ च्या भाडेकायद्यानं गोठलेल्या भाड्यांचे हाल मालकांनी भोगले, इमारती त्या भाड्यात दुरुस्त होईनात. त्या चटक्यानं आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. एकीकडे पिढ्यान् पिढ्या, दुसरीकडे अकरा महिने. मधली पाच-सात वर्षं, जी एका तरुणाला काम शिकायला, पैसे साठवायला, लग्न करायला किंवा न करण्याचा निर्णय घ्यायला लागतात, ती आपल्या कायद्याच्या कल्पनेत नाहीतच.

कोणी म्हणेल, मग घर विकत द्या, उल्हासनगरसारखं. तर एंगेल्सनं १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली, तिच्यात तो नेमका याच उपायावर तुटून पडला होता. कामगाराला घरकुलाचा मालक केलं की तो त्या जागेला जखडला जातो, मजुरी कितीही पडली तरी सोडून जाऊ शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. आम्ही तरुणपणी हे वाचून चिडलो होतो, आता बरंचसं पटतं. वीस वर्षांच्या हप्त्यात अडकलेला बदलापूरचा मुलगा साठ-सत्तर किलोमीटर लोंबकळत सीएसएमटीला जातो, कारण घर सोडता येत नाही आणि इथे तसं काम मिळत नाही. त्याला निघून जाता यायला हवं होतं. दुसऱ्या टोकाला हायडेगर. १९५१ साली डार्मश्टाटला, बाँबनं घरं पडलेल्या जर्मनीत, तो बांधणं आणि राहणं यांवर बोलला आणि दाखला दिला ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेतकऱ्याच्या जुन्या घराचा. व्याख्यान थोर आहे, आम्ही ते वीस वर्षं शिकवलं. पण त्याची स्वतःची डोंगरातली झोपडी होती. अकरा महिन्यांनी करार नवा करायला त्याला दलालाकडे जावं लागत नव्हतं.

तेव्हा बंद इमारतीचा आराखडा कोणी पुढे ठेवला तर आम्ही भिंतींचा नकाशा नंतर बघू. आधी कराराचा कागद मागू. नोकरी गेली तर खोली किती महिने राहते? राहण्याची मुदत वाढवायची की नाही हे कोण ठरवतं? मुलाला सोडायची असेल तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं? भाडं कशाच्या हिशेबानं वाढतं? मुलगी राहत असेल तर रात्री दहाला फाटक बंद होतं का, आणि मुलासाठीही होतं का? गॅस ठेवता येतो का? आणि आमचा जुना प्रश्न आहेच, आईचा. या कागदावर राहणाऱ्याच्या हातात काही असेल तर जुन्या शेडमध्येही बिऱ्हाड होईल. नसेल तर इटालियन फरशी घातली तरी ती मुक्कामाची बराक, आणि तिच्यात पिशव्या भरलेल्याच राहतील.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती टाळत होतो. बदलापुरात आम्ही राहतो त्या सोसायटीत सात-आठ वर्षांपूर्वी ठराव आला : बॅचलरना जागा भाड्यानं द्यायची नाही. कारण सांगितलं गेलं की रात्री-बेरात्री येतात, जिन्यात बोलतात, बाई-माणसांना अवघड वाटतं. दुसऱ्या मजल्यावर तेव्हा तीन मुलं राहत होती, अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होती. दुसऱ्या पाळीनंतर बाराला घरी यायची, चपला हातात घेऊन जिना चढायची. हे आम्हाला माहीत होतं, कारण आम्हाला झोप येत नाही. ठरावाच्या वेळी हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केला. आम्हीही केला. कांट शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं. वाद कशाला घालायचा, पाण्याचा प्रश्न आधीच तापला होता, असं काहीतरी मनात होतं. महिनाअखेरीला मुलं गेली. जाताना एकजण आमच्याकडे किल्ली ठेवायला आला, मालक यायचा होता म्हणून. त्यानं वाकून नमस्कार केला.

म्हणजे रिकाम्या इमारती शोधत आपण एमआयडीसीत हिंडतो आहोत, आणि त्या दुसऱ्या मजल्यावरची जागा त्यानंतर चौदा महिने कुलूपबंद होती.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. तो ठराव रद्द करावा असा अर्ज आम्ही दिला आहे, विषयपत्रिकेवर तो सातवा आहे, पार्किंगच्या नंतर. दोन शेजाऱ्यांनी तोंडी होकार दिलाय, तिसरे म्हणाले, सर, तुमचं वय झालं, तुम्हाला काय त्रास होणार.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.